पंचाहत्तरावी हाक

बीड जिल्ह्यात सरकारदरबारी पाऊस गावाचा नसतो, मंडळाचा असतो. महसूल मंडळ म्हणजे तालुक्याखालचा गावांचा एक गट. त्या गटाच्या नावावर पावसाचा जो आकडा लागतो, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळ अतिवृष्टीचं धरलं जातं आणि पंचनाम्यांची मागणी सुरू होते. २०२४पर्यंत ऐन खरिपात पावसाने सलग २१ दिवस दडी मारली की पीकविम्याच्या आगाऊ भरपाईचा विषय निघायचा. बीडमध्ये हे सगळं चहाच्या टपरीवर बोललं जातं. २०२०च्या खरिपात खासगी विमा कंपन्या या जिल्ह्याकडे फिरकेनात, तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत नफ्या-तोट्याला ८० आणि ११० टक्क्यांची मर्यादा घालून योजना राबवावी लागली. तोच पुढे राज्यभर गाजलेला ‘बीड पॅटर्न’. तेव्हा एका मंडळात ६६ आणि शेजारच्या मंडळात ६३ असा आकडा लागला, तर बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे काय बोललं जात असेल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.

हा आकडा येतो तो तारेच्या कुंपणात उभ्या असलेल्या एका खांबावरून. वर वाऱ्याच्या वाट्या, मधे थर्मामीटरला ऊन लागू नये म्हणून पांढऱ्या ताटल्यांची उतरंड, बाजूला पावसाचं भांडं, एक लहानसं सौर पॅनल आणि एक बंद डबा. २०१७ साली राज्याच्या कृषी विभागाने स्कायमेट कंपनीबरोबर ‘महावेध’ प्रकल्प हाती घेतला आणि मंडळागणिक अशी स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, राज्यभरात दोन हजारांच्या वर. त्याआधी तहसीलच्या किंवा मंडळाच्या ठिकाणी कुणीतरी रोज सकाळी जाऊन पावसाचं पाणी काचेच्या मापात ओतून आकडा वहीत लिहायचं. आता वहीही नाही आणि माणूसही नाही.

असा डबा सतत आभाळाकडे डोळे लावून बसलेला असेल, असं आपण धरून चालतो. पण विजेच्या तारेपासून दूर, बॅटरीवर चालणारं कुठलंही चांगलं नोंदयंत्र उघडून पाहिलं तर आतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक, जवळजवळ सगळा वेळ झोपलेला सापडेल. त्याला झोपवायचं कसं आणि नेमक्या वेळी उठवायचं कसं, हा या प्रकरणाचा विषय. मोजणं हे त्या मानाने सोपं काम आहे.

वर सौर पॅनल आहे ना, मग एवढी काटकसर कशाला, असं कुणी विचारेल. मराठवाड्यातला जुलै-ऑगस्ट ज्याने पाहिला आहे तो विचारणार नाही. पंधरा-पंधरा दिवस आभाळ भरून राहतं, पाऊस येत नाही आणि ऊनही पडत नाही. पॅनलवर धूळ बसते, पक्षी बसतात, कधी पॅनलच कुणीतरी काढून नेतं. शिवाय प्रत्येक जागी पॅनल परवडतही नाही. म्हणून आपण आपल्यापुरता एक साधा डबा मनातल्या मनात बनवू. धारूरच्या डोंगरउतारावर सीताफळाची बाग आहे. (बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बागही मानाची.) तिथे जमिनीतली ओल, हवेचं तापमान आणि पाऊस नोंदवायचा आहे. डब्यात पेन्सिल सेलच्या आकाराचा एक लिथियम सेल आहे, ३.६ व्होल्टचा, २४०० मिलीअँपिअर-तास क्षमतेचा. पाण्याच्या आणि विजेच्या मीटरमध्ये वर्षानुवर्षं टिकतो, तोच हा सेल.

आता आकडेमोड. डबा जागा असताना, सेन्सर धरून, १० मिलीअँपिअर वीज घेतो असं समजू. तो सतत जागा राहिला तर २४०० भागिले १०, म्हणजे २४० तास. दहा दिवसांत सेल संपला. पण जमिनीतली ओल क्षणाक्षणाला बदलत नाही. दहा मिनिटांनी एकदा पाहिली तरी चालते आणि पाहायला दोन सेकंद पुरतात. म्हणजे ६०० सेकंदांतली २ सेकंदं १० मिलीअँपिअर आणि उरलेली ५९८ सेकंदं झोपेतला १ मायक्रोअँपिअर. सरासरी पडते सुमारे ३४ मायक्रोअँपिअर. तोच सेल आता ७० हजार तास चालेल, म्हणजे जवळपास आठ वर्षं.

हे आकडे अजून थोडे ताणून पाहण्यासारखे आहेत. जागेपणाची दोन सेकंदं कमी करून २० मिलिसेकंदांवर आणली तर सरासरी दीड मायक्रोअँपिअरच्याही खाली जाते. पण हा सेल नुसता ठेवून दिला तरी वर्षाला साधारण एक टक्का आपोआप उतरतो. २४०० चा एक टक्का २४; तो वर्षाच्या ८,७६० तासांवर पसरला तर पावणेतीन मायक्रोअँपिअर होतात. म्हणजे आता आपला डबा जेवढी वीज खातो त्याहून जास्त वीज सेल स्वतःच गमावतो. अभियंत्याने इथे थांबावं, पुढची काटकसर हौसेपोटी.

उलट टोकाला एक मिलीअँपिअर. सर्किटवर ‘चालू आहे’ असं दाखवणारा एक लाल दिवा राहून गेला आणि त्याने झोपेतही एवढी वीज घेतली, तर आठ वर्षांचे सव्वातीन महिने होतात. प्रोसेसर कितीही शिस्तीत झोपो, दिवा जागा आहे.

झोपेने वीज वाचते कशी? चिपच्या आत असंख्य सूक्ष्म स्विच असतात आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला त्यातले अनेक इकडून तिकडे पडतात. एक स्विच पडताना विजेचा बारीकसा भार भरला जातो आणि सोडला जातो. सेकंदाला दहा लाख ठोके, प्रत्येक ठोक्याला अशी भर-उतार. खर्च होतो तो मुख्यतः यातच. ठोका थांबवला की स्विच आहेत तिथे थबकतात. लिहिलेलं पुसलं जात नाही, स्मृती शाबूत राहते आणि उरते ती फक्त गळती. अर्डुइनो उनो या लोकप्रिय सर्किट-पाटीवर जी एटीमेगा३२८पी चिप असते, ती १.८ व्होल्टवर आणि एक मेगाहर्ट्झच्या ठोक्याला ०.२ मिलीअँपिअर घेते. सगळे ठोके बंद केले की ०.१ मायक्रोअँपिअर. दोन हजार पटींचा फरक आणि तो फक्त ठोका थांबवल्याने.

पण सगळेच ठोके थांबवले तर उठवणार कोण? इथे चिप बनवणाऱ्यांनी झोपेच्या पायऱ्या केल्या आहेत. हलक्या झोपेत फक्त हिशेब करणारा गाभा थांबतो. आजूबाजूचे टायमर, संदेशवहनाचे भाग चालूच असतात. त्याखालच्या पायरीवर मुख्य आंदोलक, म्हणजे ठोके देणारा भाग, बंद होतो आणि त्याच्यावर चालणारे टायमरही थांबतात. सगळ्यात खाली जवळपास काहीच चालू नसतं. बाहेरून कुणी पिनला धक्का दिला तरच जाग येते. नव्याने शिकणारा विद्यार्थी हमखास अडतो तो इथे. अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कुणीतरी टायमर लावतं, चिपला गाढ झोपेत पाठवतं आणि ती परत उठतच नाही. टायमर बिघडलेला नसतो. ज्या ठोक्यावर तो मोजत होता, तो ठोकाच झोपताना बंद केलेला असतो. अर्डुइनोचा तो प्रसिद्ध ‘मिलिस’ हा मिलिसेकंदांचा आकडाही गाढ झोपेत असाच गोठतो. जागं झाल्यावर तो झोपेचा काळ धरतच नाही.

तेव्हा गाढ झोपेतही चालू राहील असा एक वेगळा, मंद आणि अगदी कमी खाणारा ठोका हवा. तो मिळतो तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, चंदेरी नळीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकाकडून. दाब दिला की काही स्फटिकांवर वीज उमटते हे प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. पुढे त्याच्या उलटा परिणामही सिद्ध झाला. वीज दिली की स्फटिक वाकतो. क्वार्ट्झला योग्य आकारात कापलं तर तो एका ठरलेल्या गतीने थरथरत राहतो. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने ‘अॅस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. त्यातला स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा थरथरत होता. पुढे घड्याळांत ३२,७६८ हा आकडा रूढ झाला. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. अर्ध्यावर आणणारं साधं सर्किट एकापुढे एक पंधरा वेळा जोडलं की ३२,७६८चा बरोबर एक होतो, आणि तो एक म्हणजे सेकंद. घड्याळवाल्यांनी कोट्यवधींनी बनवल्यामुळे हा स्फटिक स्वस्त झाला आणि मायक्रोकंट्रोलरवाल्यांनी तो आयता उचलला. एटीमेगावर हा स्फटिक चालू ठेवून झोपलं तर एकूण खर्च ०.७५ मायक्रोअँपिअर येतो. गाढ झोपेपेक्षा थोडा जास्त, पण वेळ कळत राहते.

या चिपमधला दुसऱ्या क्रमांकाचा टायमर थेट या स्फटिकावर चालू शकतो. ३२,७६८ला १,०२४ने भागून घ्यायचं, म्हणजे सेकंदाला ३२ ठोके. टायमर आठ बिटांचा, शून्यापासून २५५पर्यंत मोजतो आणि परत शून्यावर येतो. २५६ ठोके, सेकंदाला ३२. बरोबर आठ सेकंदांनी तो भरून वाहतो. भरला की तो प्रोसेसरला हाक मारतो. आपल्याला हवीत दहा मिनिटं, म्हणजे अशा पंचाहत्तर हाका. चौऱ्याहत्तर हाकांना प्रोसेसर उठतो, एका आकड्यात एक मिळवतो आणि परत झोपतो; पंचाहत्तराव्या हाकेला तो कामाला लागतो.

या ‘उठतो आणि परत झोपतो’ मध्ये सगळी खुबी आहे. टायमरच्या या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे ठेवतो, कुठे होतो त्याची खूण स्टॅक नावाच्या स्मृतीच्या भागात टाकतो, हाकेसाठी लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम चालवतो आणि मग खूण वाचून होता तिथे परत येतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० या चिपमध्ये ही रचना फार देखणी आहे. बॅटरीवर वर्षानुवर्षं चालणारी मोजयंत्रं डोळ्यांपुढे ठेवूनच ही चिप घडवली गेली. तिच्यात ‘आपण झोपलो आहोत’ ही गोष्ट स्टेटस रजिस्टर नावाच्या सोळा बिटांच्या एका खणात लिहिलेली असते. गाभा बंद, मुख्य आंदोलक बंद, स्फटिक बंद; प्रत्येकाचं एकेक बिट. हाक आली की हा खणही स्टॅकवर ठेवला जातो आणि ती बिटं पुसली जातात. बिटं पुसली म्हणजे जाग आली. हाकेचं काम संपलं की जुना खण जसाच्या तसा परत आणला जातो आणि त्यात तर ‘झोपलो आहोत’ असं लिहिलेलं. प्रोसेसर पुन्हा झोपतो. वेगळा हुकूम द्यावा लागत नाही.

मग पंचाहत्तराव्या हाकेला जागं कसं राहायचं? हाकेच्या प्रोग्रॅमने स्टॅकवर ठेवलेल्या त्या जुन्या खणातली झोपेची बिटं परतण्याआधी खोडून ठेवायची. आता परत आणलेल्या खणात झोप नाही; मुख्य प्रोग्रॅम झोपेच्या हुकमाच्या पुढच्या ओळीपासून चालू लागतो. पहिल्यांदा वाचताना हा प्रकार वाकडा वाटतो. पण रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. तो मोबाइलला गजर लावून झोपतो. गजर वाजला की डोळा उघडून बल्ब पाहतो. लाईट नसेल तर कूस बदलतो, उठून बसत नाही. आली असेल तरच बॅटरी घेऊन दारं धरायला निघतो. गजराने डोळा उघडावा, पण अंथरूण सोडायचं की नाही ते वेगळं ठरावं, एवढंच चिपला शिकवलं आहे.

हाकेच्या प्रोग्रॅममध्येच सगळं काम उरकावं असा मोह होतो. सेन्सर वाचू, बेरीज करू, संदेशही पाठवू. करू नये. हाकेचं काम चालू असताना सहसा दुसरी हाक ऐकली जात नाही, आणि आपल्या डब्यात दुसरी हाक पावसाची आहे.

पाऊस दहा मिनिटांच्या वेळापत्रकाने येत नाही. पावसाच्या भांड्याखाली एक छोटं दोन बाजूंचं पात्र तराजूसारखं टेकवलेलं असतं. फनेलमधून आलेलं पाणी एका बाजूत साठतं. ठरावीक वजन झालं की पात्र कलंडून पाणी ओततं आणि दुसरी बाजू वर येते. कलंडताना त्यावरचं चुंबक एका काचेच्या नळीतल्या स्विचजवळून जातं, स्विच क्षणभर जुळतो. काही भांड्यांत एक कलंड ०.२ मिलिमीटरची, काहींत ०.५ची. हा स्विच थेट प्रोसेसरच्या पिनला जोडलेला असतो आणि पिनची हाक सगळ्यात गाढ झोपेतही पोचते. तर डब्याला दोन प्रकारांनी जाग येते. तापमान आणि ओल यांसाठी टायमर, पावसासाठी पिन. पिन तपासायला प्रोसेसर दर सेकंदाला उठवणारेही प्रकल्प पाहायला मिळतात. त्यात सेलही जातो आणि दोन तपासण्यांच्या मधली कलंडही निसटते.

एक कलंड म्हणजे किती मोठी गोष्ट? हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस ‘पावसाचा दिवस’ मानतं. अर्ध्या मिलिमीटरच्या भांड्यात त्या पाच कलंडी. अतिवृष्टीचे ६५ मिलिमीटर म्हणजे १३०. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या या जिल्ह्यात पाच कलंडींनी कोरडा दिवस आणि पावसाचा दिवस यांत फरक पडतो. उलटी चूकही होते. स्विचची दोन पातळ पाती जुळताना एकदाच टेकत नाहीत. काही मिलिसेकंद ती थरथरतात आणि एका कलंडीच्या दोन-तीन हाका जातात. त्या तशाच मोजल्या तर ३५ मिलिमीटरच्या पावसाचे कागदावर ७० होतात आणि न झालेली अतिवृष्टी नोंदवली जाते. उपाय परत टायमरचाच. पहिली हाक आली की पिनचा कान थोडा वेळ बंद करायचा आणि तेवढा वेळ संपला की टायमरने तो उघडायचा.

दोन-दोन हाका आल्या की एक बारीक फट तयार होते, आणि तिच्यात पडलेले प्रकल्प महिनोन्महिने सापडत नाहीत. मुख्य प्रोग्रॅम झोपण्याआधी विचारतो: काही काम उरलं आहे का? नाही. मग झोप. समजा ‘नाही’ म्हटल्यानंतर आणि झोपेच्या हुकमाच्या आधी, त्या लाखांश सेकंदात, हाक आली. हाकेचा प्रोग्रॅम ‘काम आहे’ असं लिहून परततो, पण मुख्य प्रोग्रॅमने प्रश्न आधीच विचारलेला आहे. तो निवांत झोपतो आणि काम पुढच्या हाकेपर्यंत पडून राहतं. पुढची हाक येणारच नसेल तर कायमचं. यावर वेगवेगळ्या चिपकर्त्यांनी वेगवेगळी युक्ती काढली आहे. एटीमेगात आधी हाका बंद करून प्रश्न विचारायचा, मग हाका उघडण्याचा आणि झोपेचा असे दोन हुकूम पाठोपाठ द्यायचे. हाका उघडल्यानंतरचा एक हुकूम पुरा झाल्याशिवाय चिप कुठलीही हाक घेत नाही, अशी तिच्यात सोयच आहे. त्यामुळे झोप आधी लागते आणि थांबलेली हाक लगेच तिला मोडते. एमएसपी४३०मध्ये हाका उघडण्याचं बिट आणि झोपेची बिटं एकाच खणात आहेत. एकाच हुकमात दोन्ही. फट राहतच नाही. मला विचाराल तर या चिपच्या रचनाकारांची सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

सोप्या चुकाही आहेत, त्या भराभर सांगतो. अर्डुइनोची अख्खी पाटी शेतात लावू नये. चिप झोपली तरी पाटीवरचा व्होल्टेज नियंत्रक, यूएसबीची दुसरी चिप आणि दिवा मिळून कित्येक मिलीअँपिअर खात राहतात. न वापरलेल्या पिना लोंबकळत ठेवू नयेत. त्या आसपासच्या विजेने अधांतरी हेलकावतात आणि झोपेतही गळती वाढवतात. सेन्सरला कायम वीज देऊ नये, प्रोसेसरच्या पिनवरून चालू-बंद करावी. ईएसपी३२ वापरत असाल तर ती चिप गाढ झोपेतून उठते तेव्हा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. हाकांचा आकडा तिच्या घड्याळाजवळच्या छोट्या राखीव स्मृतीत ठेवला नाही, तर प्रत्येक वेळी पहिलीच हाक.

आता वेळेचा काटा. एटीमेगात स्फटिक न लावताही गाढ झोपेतून उठवणारा एक टायमर आहे, वॉचडॉग नावाचा. त्याचा जास्तीत जास्त पल्लाही सुमारे आठच सेकंदांचा, त्यामुळे अनेक जण स्फटिकाचे पैसे वाचवतात. पण त्याचा आंदोलक चिपच्याच आत कोरलेला. तापमान आणि व्होल्टेज बदललं की तो काही टक्क्यांनी सरकतो. पाच टक्के धरा. दिवसाला ७२ मिनिटं झाली. आणि हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहाटेपासून धो-धो चालू असलेला पाऊस साडेआठच्या आधी किती आणि नंतर किती, यावर एका दिवसाच्या खात्यात ६५च्या वर जायचं की दोन दिवसांत वाटलं जायचं ते ठरतं. तास-सव्वा तास सरकलेल्या घड्याळाने हा निवाडा करू नये.

क्वार्ट्झ याहून कितीतरी सरळ. दहा लाखांत वीसची चूक असलेला साधा स्फटिक दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आत राहतो. मात्र उन्हाचा त्यालाही त्रास होतो. हे स्फटिक साधारण २५ अंशांना सगळ्यात जलद थरथरतात. त्याहून गरम झालं तरी मंदावतात आणि गार झालं तरी मंदावतात, २५ अंशांपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. एप्रिल-मेच्या उन्हात बंद डब्याच्या आत ६० अंश झाले, तर स्फटिक दहा लाखांत सुमारे ४२ने मागे पडतो. दिवसभर तसंच राहिलं तर साडेतीन सेकंद. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांनाही तो मागेच पडतो, पण जेमतेम. त्यामुळे धारूरच्या बागेत ठेवलेलं असं घड्याळ तापमानापायी वर्षभरात पुढे जायचं नावच घेत नाही. याहून नेमकेपणा हवा असेल तर डीएस३२३१ ही घड्याळाची वेगळी चिप मिळते. ती स्वतःचं तापमान मोजून स्वतःची चूक सुधारते, ० ते ४० अंशांत दहा लाखांत दोनच्या आत, म्हणजे वर्षाला मिनिटभर. तिला गजर लावता येतो आणि तो गजर प्रोसेसरच्या पिनला जोडता येतो. विद्यार्थ्यांनी खरं तर सुरुवात इथूनच करावी.

नोंद झाली की ती पाठवायची. ज्या डब्यात मोबाइलचा मॉडेम आहे तिथे प्रोसेसरचा खर्च विसरला तरी चालेल. टूजी मॉडेम पाठवताना क्षणाक्षणाला दोन अँपिअरपर्यंत ओढतो आणि डोंगराआडच्या गावात नेटवर्क शोधण्यातच बराच वेळ घालवतो. म्हणून दहा मिनिटांनी मोजावं, साठवावं आणि पाठवावं मात्र क्वचित. लोरा नावाचा रेडिओ ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात थोडक्यात बोलतो आणि काही किलोमीटर पोचतो. बागांसाठी तो बरा. मॉडेमचा एक फायदा मात्र असा की नेटवर्ककडून खरी वेळ मिळते आणि स्फटिकाचं मागे पडणं जागेवर दुरुस्त होतं.

आणि मॉडेमच डब्याचा घात करू शकतो. मुख्य प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत उभा राहिला आणि उत्तर आलंच नाही, तर तो जागाच राहतो. दहा मिलीअँपिअर, दहा दिवस. वॉचडॉग टायमर मुळात यासाठीच असतो. प्रोग्रॅमने त्याला अधूनमधून परत शून्यावर आणायचं. तसं झालं नाही तर तो चिप पहिल्यापासून सुरू करतो. आपल्या डब्यात अडचण अशी, की वॉचडॉगचा पल्ला आठेक सेकंदांचा आणि मुख्य प्रोग्रॅम उठतो दहा मिनिटांनी. म्हणून टायमरच्या प्रत्येक हाकेला वॉचडॉग शून्यावर आणावा लागतो. दोन्ही आठच्या आसपास असल्याने तेवढ्यासाठी हाकेचं अंतर चार सेकंदांवर आणून हाका दुप्पट कराव्यात. पण हाकेच्या प्रोग्रॅममध्ये डोळे मिटून असं केलं, तर मुख्य प्रोग्रॅम अडकलेला असतानाही हाका येतच राहतात आणि वॉचडॉगला सगळं आलबेल वाटतं. तेव्हा हाकेच्या प्रोग्रॅमने आधी एक आकडा पाहायचा: मुख्य प्रोग्रॅमने शेवटचं काम पुरं करून खूण केल्यापासून किती हाका झाल्या? दुपटीने दीडशेला खूण यायला हवी. दोनशे झाल्या तरी ती नसेल, तर वॉचडॉगला हात लावायचा नाही. आठ सेकंदांत चिप नव्याने सुरू होते. सुरू होताना एटीमेगाच्या एका खणात ‘वॉचडॉगने उठवलं’ असं बिट लागलेलं असतं. ते वाचून, मोजून, पावसाच्या आकड्याबरोबर रोज पाठवावं. तो आकडा आठवड्यात एक-दोन असेल तर नेटवर्कचा दोष समजावा. रोज वाढत असेल तर सेल तपासायला माणूस पाठवावा.